न अडकलेला रोल

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. रोल घालायचा, वजनाला जड आणि खटक्याला कडक. तुमच्या फोनसारखा मी उतावळा नव्हतो. आधी अंतर जुळवा, उजेड पाहा, श्वास धरा, मग खटका दाबा, असे माझे नखरे असायचे. ते सोसणारं माणूस भेटायला नशीब लागतं, आणि मला ते भेटलं.

कारखान्यात शेकडो भावंडांबरोबर माझा जन्म झाला. दुकानाच्या काचेआड बरेच दिवस धूळ खात बसलो. मग एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आत आल्या. गळ्यातली मोजपट्टी काढायची राहूनच गेली होती. दुकानदाराने त्यांना सोपासा, हलका कॅमेरा दाखवला. बाईंनी माझ्याकडे बोट केलं, आणि मी त्यांच्या शिलाई मशीनशेजारच्या खिळ्यावर मुक्कामाला आलो.

डोंगर, फुलं, सूर्यास्त यांत बाईंना रस नव्हता. त्यांना रोजचं लागायचं. लेक लग्न होऊन लांब गेली, तेव्हा या वेडाला कारणच मिळालं. दर महिन्याला तिला फोटोंचं पाकीट जायचं. मांजरीने कापडाच्या गठ्ठ्यात घातलेली पिल्लं, शेजाऱ्यांनी दाराला फासलेला भडक निळा रंग, नवऱ्याने स्वतः ठोकलेली वाकडी फळी. मागे एखादी ओळ असायची, ‘फळी सरळ आहे, भिंत वाकडी आहे, असं तुझ्या बाबांचं म्हणणं.’ पाकीट आलं की माहेरी जाऊन आल्यासारखं वाटतं, असं लेक फोनवर सांगायची. ते ऐकून माझीही छाती फुगायची.

रोल भरताना बाईंचा एक नेम होता. रोलची जीभ माझ्या पोटातल्या फिरकीच्या फटीत अडकवायची, झाकण लावायचं आणि रोल पुढे सरकवायची दांडी ओढताना डावीकडच्या चकतीवर नजर ठेवायची. चकती फिरली तर रोल सरकतोय. नाही फिरली तर रोल जागच्या जागी, आणि वरचा फोटोंचा आकडा मात्र खुशाल पुढे जातो. ओळखीत कोणी कॅमेरा घेतला की बाई आधी हेच बजावायच्या. लोक कंटाळायचे, तरी बजावायच्या.

पुढे बाईंच्या नवऱ्याने अंथरूण धरलं. त्यांचं हृदय थकलं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी तिला प्रवासाला सक्त मनाई केली होती. फोनवर ती रडली आणि म्हणाली, “आई, बाबांचे फोटो पाठव. आजारी दिसले तरी चालतील. रोजचे पाठव.”

बाईंनी नवा रोल आणला. जीभ फटीत अडकवली, झाकण लावलं, तेवढ्यात आतून हाक आली, “अगं, लवकर ये. मी आपला आपण उठून बसलोय. परत आडवा व्हायच्या आत काढ.”

किती दिवसांनी ते असे बसले होते. बाई धावल्या. चकतीकडे पाहायचं राहून गेलं. पहिल्याच ओढीला जीभ फटीतून निसटली. मला कळलं, मित्रांनो. पोटात फिरकी रिकामी फिरत होती, आणि मला तोंड नव्हतं.

त्या रोलवर बाईंनी जीव ओतला. बाबा दाढीचा फेस लावून आरशात वाकुल्या दाखवताना. बाबा खिडकीशी, पांघरुणावर ऊन. होणाऱ्या नातवंडासाठी बाईंनी शिवलेलं टोपडं त्यांनी स्वतःच्या मुठीवर चढवलं आणि त्या मुठीशी लाडे लाडे बोलले, तो तर काय फोटो होता. हसू येऊन बाईंचा हात हलला. मी मात्र आतून फुटत होतो.

ते गेले. रोल संपवावा म्हणून बाईंनी त्यांच्या चपलांचा फोटो काढला, रिकाम्या खुर्चीचा काढला. आकडा रोलमध्ये मावणाऱ्या फोटोंच्या पलीकडे गेला. एखादा फोटो जास्त मिळतो कधी कधी, म्हणून त्या थांबल्या नाहीत. मग त्यांनी दांडी पुन्हा ओढली आणि त्यांची नजर चकतीवर गेली. चकती हलली नाही. बाई तिथेच जमिनीवर बसल्या.

लेकीला त्या फोनवर सांगत राहिल्या की रोल धुवायला टाकलाय. नात चार महिन्यांची झाली, तेव्हा लेक तिला घेऊन आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने फोटो मागितले.

“फोटो नाहीत,” बाई म्हणाल्या. “रोल अडकलाच नव्हता. मी बघितलं नाही.”

“तू सगळ्यांना सांगतेस बघायला.”

“हो.”

लेक आईशी दिवसभर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मशीनपाशी येऊन बसली आणि काय काय काढलं होतं ते सांग म्हणाली. बाईंनी एकेक फोटो हातवारे करून सांगितला. पुढे प्रत्येक फोनवर लेक एखादा पुन्हा मागायची.

आता बाई थकल्या आहेत. हात थरथरतात, म्हणून मी कपाटात असतो. माझ्या भिंगाला बुरशी लागली आहे. त्याहून वाईट म्हणजे, बाई विसरू लागल्या आहेत. टोपडं कोणी घातलं होतं, असं त्या विचारतात. आता फोनवर लेक सांगते आणि आई ऐकते. जिने एकही फोटो पाहिला नाही, तिला ते सगळे पाठ आहेत.

परवा लेकीने खिडकीचा फोटो सांगितला. “बाबा उन्हात बसलेत, आणि तू त्यांच्या शेजारी आहेस.”

बाई शेजारी नव्हत्या, मित्रांनो. त्या माझ्यामागे होत्या, नेहमीसारख्या. त्या दोघांचा एकत्र असा फोटो माझ्याकडून कधी निघालाच नाही. कुणी मला त्यांच्या हातातून घेतलंच नव्हतं.

“हो,” बाई म्हणाल्या, “मी शेजारीच होते.”

मित्रांनो, माझं भिंग पुसलं नाहीत तरी चालेल. पण घरात जी व्यक्ती सगळ्यांचे फोटो काढते, तिच्या हातातून आजच कॅमेरा काढून घ्या आणि तिला तिच्या माणसाशेजारी बसवा.