केबिनच्या भिंतीवरची टकटक

शाळेत डोळे तपासायचा दिवस असला की मुख्याध्यापिका बाई कसल्याच कामाच्या नसतात, हे शिपायालाही ठाऊक होतं. व्हरांड्याच्या टोकाला अक्षरांचा तक्ता टांगला, पोरांची ढकलाढकली सुरू झाली, की बाई सगळं टेबलावर टाकून खांबाला टेकून उभ्या राहायच्या. कुणी काही विचारलं तर नुसतं हं हं. मन त्यांचं केव्हाच लहानपणच्या टॉकीजच्या शेवटच्या रांगेत जाऊन पोचलेलं असायचं. तिथे त्या मुख्याध्यापिका नव्हत्या, ऑपरेटरची चिंगी होत्या.

चिंगीचे बाबा टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. गावाला पिक्चर दाखवणारा माणूस, आणि त्याला स्वतःला पडदा धड दिसत नव्हता! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पण हे सांगायचं कुणाला? मालकाला कळलं तर केबिनमधून बाहेर, आणि केबिन म्हणजे बाबांचा जीव की प्राण. मशीनला तेल घालताना ते तिच्याशी बोलायचे, रुसलेल्या बायकोची समजूत काढावी तसे.

मग बापलेकीने एक युक्ती काढली. शाळा सुटली की चिंगी थेट टॉकीजवर. केबिनमध्ये मुलांना मनाई, म्हणून ती शेवटच्या रांगेत खुर्चीवर चढायची, बरोबर केबिनच्या भिंतीला पाठ लावून. बाबा आतून भिंग हळूहळू फिरवायचे आणि चित्र नीट दिसलं की चिंगीने भिंतीवर टकटक करायचं. टकटक झाली की बाबा हात काढून घ्यायचे. आईलासुद्धा याचा पत्ता नव्हता. केवढा तोरा होता तिला त्या कामाचा! वर्गातल्या पोरी लगोऱ्या खेळायच्या तेव्हा ही बया अख्खा खेळ सुरू करून यायची.

आता गंमत अशी, की नीट दिसणं म्हणजे काय हे चिंगीला तरी कुठे माहीत होतं? तिच्या लेखी लांबचं जग असंच असायचं, कडा विरघळलेलं. झाडांना पानं असतात ती हातात घेतल्यावर. पडद्यावरचे रंग डोलायचे थांबले की ती टकटक करायची. कधी बरोबर जमायचं, बहुतेकदा नाही. मग हॉलमधून शिट्ट्यांवर शिट्ट्या. पोरगी खूश! शिट्ट्या पडतात म्हणजे पिक्चर लोकांना आवडला, असा तिचा साधा हिशेब. एकदा तर तिने स्वतःही तोंडात बोटं घालून बघितली.

मालक मात्र खूश नव्हता. आणखी एक तक्रार आली तर दुसरा माणूस बघेन, असं त्याने बाबांना तोंडावर सांगितलं. त्या दिवशी घरी येताना बाबा चिंगीला एवढंच म्हणाले, की बाई गं, जरा लक्ष देऊन बघत जा.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात शाळेत नर्सबाई तक्ता घेऊन हजर. चिंगी रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. चष्म्याचं तिला काही नव्हतं. पण तिचे डोळे अधू निघाले तर बाबांसाठी बघणार कोण? वरची मोठी अक्षरं तिने कशीबशी वाचली. पुढच्या ओळीला ती उभं राहायची रेषा सोडून पाऊल पाऊल पुढे सरकायला लागली. नर्सबाई कसल्या वस्ताद, त्यांनी खांद्याला धरून तिला मागे नेलं. तरी चिंगी ठोकून देत राहिली, आणि एकही अक्षर लागलं नाही.

नर्सबाई संध्याकाळी स्वतः टॉकीजवर आल्या. पोरीला हाताभरापलीकडचं स्पष्ट दिसत नाही, हे तुमच्या लक्षातच आलं नाही का, म्हणून त्यांनी बाबांना चांगलं फैलावर घेतलं. त्या गेल्यावर बाबा केबिनच्या जिन्याच्या पायरीवरच बसले. चिंगीला वाटलं, आता बसतोय धपाटा. तिने घाईघाईने सांगून टाकलं, की उद्यापासून मी पहिल्या रांगेत बसेन, तिथून दिसतं थोडं.

बाबांनी तिला जवळ ओढलं. "तुझ्या डोळ्यांवर मी माझी नोकरी चालवली गं," ते म्हणाले, "आणि तुझे डोळे एकदाही बघितले नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन मालकाला सगळं सांगितलं. मालक काही साधुसंत नव्हता. तोंडाला येईल ते बोलला, नवा ऑपरेटर आणला, आणि बाबांच्या हातात टॉर्च देऊन त्यांना हॉलच्या दारावर उभं केलं. खुर्च्यांच्या रांगा बाबांना तोंडपाठ होत्या, त्यामुळे निभत होतं. लोक मात्र चिडवायचे. बाबा हसून घालवायचे, पण केबिनच्या जिन्याकडे बघायचं टाळायचे. ते बघून चिंगीला रडू यायचं.

चष्मा आला त्याच संध्याकाळी बाबांनी तिला हॉलमध्ये नेऊन बसवलं. कित्येक आठवडे तोच पिक्चर चालू होता, संवाद तिला पाठ. पण मध्यंतरानंतर एक जागा अशी होती, की नायिका खिडकीत उभी राहते आणि ना बोलणं, ना गाणं. तिथे बापलेक दोघं आपली वाट बघायची, कधी एकदा पुढचं सुरू होतंय. त्या दिवशी चिंगी तिथेच ताडकन उठली आणि लोकांचे पाय तुडवत दाराशी धावली.

"बाबा, ती खिडकीत हसते! डोळे पुसत पुसत हसते."

"हसते?" बाबांनी टॉर्च विझवला. आतून पडद्यावरच्या त्या खिडकीचा नुसता उजेड येत होता, आवाज नाही. "रोज लावलं गं मी हे रीळ. मला वाटायचं, पाठ फिरवून उभी आहे."

चिंगीने त्यांचा हात घट्ट धरला. नायिकेच्या गालावर काय होतं, केस कुठे चिकटले होते, ओठ आधी कसे थरथरले आणि मग कसे फाकले, ते सगळं ती सांगत गेली.

तिचं सांगून झालं, तरी बाबा तसेच पडद्याकडे तोंड करून उभे होते.

"परत सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."