माईंचं मरण

मालिकेतल्या माई वारल्या, त्या दिवसापासून माईंचं काम करणाऱ्या वासंती तिरोडकरांच्या गळ्यातला चंदनाचा हार निघेना. फोटोला घालतात तसला, पातळ सालींचा. कात्रीने कापला, तर चहा उकळेपर्यंत पुन्हा गळ्यात. तीनदा कापल्यावर त्यांनी कात्री ठेवून दिली.

माई वारल्या त्याला कारण होतं. सलग तेरा तास शूटिंग झाल्यावर वासंतीबाईंनी दिग्दर्शकाला, पुष्करला, एवढंच विचारलं होतं, की संध्याकाळी सातनंतर मला सोडाल का, गुडघे सुजतात. त्याने हसून होकार दिला. पुढच्या सोमवारी माई देवदर्शनाला गेल्या त्या गेल्याच. अपघाताची बातमी फोनवर आली, सुनेच्या हातातून तांब्या पडला, आणि दिवाणखान्यात माईंचा फोटो लागला. वासंतीबाईंना कुणी कळवलंसुद्धा नाही. त्यांनी ते घरी टीव्हीवर पाहिलं.

त्यांना राग मरणाचा नव्हता. चौतीस वर्षांत नऊ नाटकांत त्या मेल्या होत्या, आणि दर वेळी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा मेल्या होत्या. इथे त्यांचं मरण फोनवर उरकलं होतं.

घरात यजमान दबक्या आवाजात बोलू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी ताट वाढून वासंतीबाईंसमोर ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि हात जोडून मागे सरले.

"अहो, मी जेवणार आहे," वासंतीबाई म्हणाल्या.

"चालतं का?" त्यांनी विचारलं. ते खरंच काळजीत होते.

कलाकारांच्या संघटनेत त्या तक्रार घेऊन गेल्या. तिथल्या कारकुनाने सगळं नीट ऐकून घेतलं, मग उठून दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला. तक्रारीचा कागद त्याने श्रद्धांजलीच्या फायलीत लावला.

त्यानंतर लोकांना त्या फक्त छातीपर्यंत दिसू लागल्या. बसमध्ये एक गृहस्थ येऊन सरळ त्यांच्या मांडीवर बसले आणि पेपर वाचू लागले. उठायला सांगितलं तर म्हणाले, इथे कुणी नाहीये. गुडघे तर कुणालाच दिसत नव्हते. दुखत मात्र होते तेवढेच.

पंधराव्या दिवशी वासंतीबाई उठल्या आणि घोडबंदरच्या ज्या बंगल्यात मालिकेचं शूटिंग चालायचं तिथे, सेटवर, जाऊन उभ्या राहिल्या. माईंच्या फोटोसमोर दिवा लावायचा प्रसंग चालला होता. फोटो कपड्यांच्या ट्रायलच्या वेळचा होता, पदराची टाचणीसुद्धा काढलेली नव्हती. ती पाहून त्यांचा उरलासुरला संकोच गेला.

"मला परत घ्या म्हणत नाही," त्या पुष्करला म्हणाल्या. "माझं मरण मला द्या. एक प्रवेश. मी बोलून मरेन."

पुष्करने घड्याळ पाहिलं. "ताई, प्रेक्षक रडून झालेत."

"माझ्याशिवाय?"

"तुमच्याशिवायच चांगले रडले."

मग त्याने लाइट तपासायला सांगितलं. तेवढ्यात सुनेचं काम करणारी ऋजुता पुढे आली. तिच्या बाळाला दोन दिवस ताप होता. आज थोडं लवकर गेले तर चालेल का, असं तिने अगदी हळू विचारलं. पुष्कर गोड हसला. अवश्य जा, म्हणाला, त्यात काय विचारायचं. मग न वळताच त्याने एक बोट वर केलं. सेट लावणारे बाबर टेप घेऊन आले आणि माईंच्या फोटोशेजारची मोकळी भिंत मोजू लागले.

ऋजुता पाठमोरी होती. तिला दिसलं नाही. वासंतीबाईंना दिसलं.

त्यांनी जाऊन टेपचं टोक पकडलं.

"सोडा ताई," बाबर म्हणाले. "अठराच इंच पाहिजे."

त्यांनी सोडलं नाही. टोक मुठीत घेऊन त्या भिंतीच्या कडेने चालू लागल्या. टेप सुटत गेली, बाबरांच्या हातातली डबी गरगर फिरत राहिली. दिवाणखान्याची भिंत जिथे संपायची तिथे संपली नाही. देवघर मागे पडलं, प्लायवूडचा जिना मागे पडला, लाइटवाले मागे पडले, आणि तोच पिस्ता रंग पुढे चालत राहिला. दर अठरा इंचांवर एक खिळा होता. आधीच ठोकलेला, डोकं नवं, चकचकीत. त्यांनी साठपर्यंत मोजले आणि सोडून दिले.

फार मागून पुष्करचा आवाज आला, की ताई, फ्रेममधून बाहेर व्हा.

वासंतीबाईंनी टेपचं टोक दातांत धरलं, पदर खोचला, आणि दोन्ही हातांनी समोरचा खिळा उपटायला घेतला.