गोधडीची उलटी बाजू

फोन काही केल्या उभा राहीना. तांब्याला टेकवला तर नुसते छताचे पत्रे दिसत, उशीला टेकवला तर हळूहळू आडवा होई. शेवटी रतनसिंगनं तो ताटातल्या गुळाच्या भेलीला टेकवला आणि तो नीट बसला.

"बघा," तो पाहुण्यांना म्हणाला, "गूळ खायच्या आधीच कामाला आला."

पाहुणे हसले. त्याची बायको जिवनबाई तेवढी हसली नाही.

सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या त्या बंजारा तांड्यावर आज तिच्या पोराच्या, दिपकच्या सोयरिकीचा गूळ खायचा होता. तांड्याच्या प्रमुखासमोर, नाईकासमोर भेली फुटली आणि दोन्हीकडच्यांनी खडा तोंडात टाकला की शब्द पक्का. मग तो मोडणाऱ्याचं तोंड तांड्यात कुणी बघत नाही. पोरगी कनेरगाव नाक्याकडची, नाव सृष्टी, हिंगोलीत एका दवाखान्यात नर्स. आज ड्यूटी म्हणून आली नव्हती. गूळ खाल्ला की ती उद्याच राजीनामा देणार आणि कॅनडाच्या कागदांच्या मागं लागणार, असं तिच्या बापानं, वसरामनं, चपला काढता काढताच सांगितलं होतं. तेव्हापासून जिवनबाई मनाशी तोच विचार करत होती.

दिपक तिकडं शिकायला म्हणून गेला आणि एका मोठ्या गोदामात रातपाळीला लागला. रतनसिंगच्या तोंडून ऐकाल तर अर्धा कॅनडा त्याच्या शब्दावर चालत होता. पोरगा आईला सांगे ते निराळं असे. पगार आहे तिथंच आहे आणि भाडं थांबायचं नाव घेत नाही. तिथं जन्मलेली, गोरी माणसंही आता घर घ्यायची भाषा करत नाहीत. आणि सरकार बाहेरून आलेल्यांसाठी नवे नवे नियम काढून राहिलं आहे. "मग तू राहतोस कुठं?" असं विचारलं की म्हणे, "चांगली खोली हाय, याडी." याडी म्हणजे आई. आणि दर वेळी त्याच एका पिवळ्या भिंतीला पाठ लावून बसलेला असे. जिवनबाईनं त्या भिंतीपलीकडचा कॅनडा पाहिलाच नव्हता.

वसरामचं भिंतीवर भागणार नव्हतं. पोरगी द्यायची तर घर बघून द्यायची, मग ते सात समुद्रांपलीकडचं का असेना.

इथं दिवस कलला होता, तिथं उजाडलं होतं. दिपक कामावरून नुकताच आला होता. अंगात जाड जाकीट, डोळे तांबारलेले. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि वसरामच्या सांगण्यावरून फोन हातात धरून घर दाखवायला निघाला. आधी ओटा, मग चकचकीत शेगडी, मग कपाटाएवढा फ्रीज. फ्रीज दिसल्यावर पुरुषमंडळी पुढं सरकली. नाईकानं त्यात किती दूध मावतं ते विचारलं. वसरामला बर्फ आपोआप पडतो का ते हवं होतं. भिंतीच्या पार वर, छताला लागून, वीतभर उंचीची खिडकी होती. ती एवढी वर का, असं कुणीतरी म्हणालं.

"उजेड वरून येतो," दिपकच्या आधी रतनसिंगनंच उत्तर दिलं.

"देवळासारखं," नाईक म्हणाला. सगळ्यांना ते पटलं.

मग खोली आली. एक पलंग आणि ती पिवळी भिंत. दिपकनं फोन समोर कशावर तरी ठेवला आणि तो पलंगाकडं वळला. बसायच्या आधी त्यानं उलट्या हातानं रजई चाचपली, क्षणभर थांबला, रजई झटकून उलटी केली आणि मग बसला.

एवढंच. डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात झालं. पण जिवनबाईनं ते पाहिलं.

ती सवय तिनंच लावली होती. दिवाळी झाली की ती आणि रतनसिंग ऊसतोडीला जात. कारखान्याजवळ उसाच्या पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, एका कोपीत दोन बिऱ्हाडं आणि अंथरुणं एकाचीच. तोडणारे रात्री निजत, गाड्या भरणारे दिवसा. एक उठला की दुसरा त्याच ऊबेत शिरायचा. परक्याचा घाम लेकराच्या अंगाला लागू नये म्हणून ती दिपकला शिकवायची, आधी उलट्या हातानं गोधडी बघायची, गरम लागली तर झटकायची, उलटी करायची, मग निजायचं. शाळेसाठी त्याला तांड्यावर ठेवलं तेव्हा जिवनबाईला वाटलं होतं, हे तरी आता तो विसरेल.

तिनं वर पाहिलं. समोर होणारी विहीण, सृष्टीची आई सखुबाई बसली होती. तिच्याही तळहातावर कोयत्यानं पडलेले घट्टे होते. इतका वेळ बांगड्यांशी चाळा करणारी तिची बोटं थांबली होती. तिनं फोनकडं पाहिलं, मग गुळाकडं. जिवनबाईकडं पाहिलंच नाही.

"चला, बत्ता आना," नाईक म्हणाला.

भेली फोडायचा बत्ता ओट्यावरच होता. जिवनबाई उठली आणि तो हातात घेऊन उभी राहिली. गप्प बसणं सोपं होतं. हल्ली पोरांना पोरी मिळतात कुठं? आणि परवा सृष्टीचं नाव काढल्यावर दिपक किती दिवसांनी हसला होता. पण पगार तर पोरीचा जाणार होता. स्वतःच्या नावावर महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी पोरगी, दोन्ही तांड्यांत ती एकटीच.

"काय झालं?" रतनसिंगनं विचारलं.

जिवनबाई फोनसमोर बसली. बत्ता तिनं मांडीवर ठेवला.

"दिपक, त्या रजईत तुझ्या आधी कोन निजलं व्हतं?"

रतनसिंग काहीतरी पुटपुटला. नाईकाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. दिपकनं खाली रजईकडं पाहिलं आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, हातानं काय केलं ते.

"पंजाबचा एक पोरगा हाय, याडी," तो म्हणाला. "त्याची दिवसपाळी. आत्ताच उठून गेला. तसं केलं तर भाडं झेपतं."

"नि घर?"

"तळघर हाय. आमी सातजण हावोत. फ्रीज समद्यांचा."

"पोरीला तिथं काम भेटंल?"

"न्हाई. आता नियम बदलला. माझ्यासारख्या कामावर बायकोला परमिट देत न्हाईत."

वसराम ताठ झाला. "मंग हे आधी काहून न्हाई सांगितलं, दिपकराव?"

"कोनी इचारलंच न्हाई, मामा," दिपक म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, झोप होती. "समद्यांनी फ्रीजच इचारला."

दिपकनं फोन ठेवला. नाईक म्हणाला, गूळ काही नासत नाही, राहू द्या ताटात. वसराम चहा अर्धा टाकून उठला. रतनसिंग त्याला पोचवायला गाडीपर्यंत गेला तो मान खाली घालून, आणि घरात परतलाच नाही.

सखुबाई मात्र दारात रेंगाळली. पदर सावरल्यासारखं करत हळूच म्हणाली, "रजई म्या बी पाहिली व्हती."

"मंग बोलल्या काहून न्हाई, याहीनबाई?"

"पोरगं तुमचं हाय. तुमी बोलता का, ते पाहून राहिले व्हते."

"नि मी न्हाई बोलले असते तर?"

सखुबाईनं मागं वळून गाडीकडं पाहिलं. "पोरीला समदं सांगते," ती म्हणाली. "मंग तिचं ती ठरवंल." उंबऱ्यावर तिनं जिवनबाईचा हात एकदा दाबला. घट्ट्याला घट्टा लागला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती गेली.

घर रिकामं झाल्यावर फोन पुन्हा वाजला. जिवनबाईनं तो होता तिथंच, भेलीला टेकवून ठेवला. दिपक आता आडवा झाला होता, रजई हनुवटीपर्यंत ओढलेली.

"याडी, काहून बोललीस?"

"दोन पाळ्यांची एक गोधडी, बाळा," ती म्हणाली. "तिसरीनं कवा निजायचं?"

बा चिडला का, एवढंच त्यानं विचारलं. ती म्हणाली, येईल, भूक लागली की येईल. मग तो म्हणाला की रजई अजून गरमच आहे, आज थंडी फार आहे म्हणून बरं वाटतं, आणि पुढचं वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. त्याच्या हातातला फोन कलला. पडद्यावर आता उशीचा कोपरा आणि त्याचा एक कान तेवढा दिसत होता. कान लहानपणीसारखाच होता, जरा पुढं आलेला.

जिवनबाईनं फोन बंद केला नाही. बाहेर अंधारून आलं होतं. गुळाला मुंग्या लागल्या होत्या, भेलीच्या कडेनं वर चढून फोनच्या मागं जात होत्या. ताट उचलायचं तर आधी फोन हलवावा लागला असता. तो हलू नये अशा बेतानं, पदराच्या टोकानं, ती एकेक मुंगी वारत बसली.