दुसरं कडवं

मित्रांनो, नाक मुरडू नका. हा आंबट, नाकाला झोंबणारा वास माझाच आहे. मी एक जुनी फिल्म आहे. आज माझ्याकडे पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण माझ्यापायी माणसं खुर्चीतून घसरेपर्यंत हसली आहेत. सध्या मी एका गॅलरीत, फुटक्या कुंडीशेजारी, गोणपाटाखाली पडून आहे. घरात ठेवलं की सगळ्यांची डोकी उठतात, म्हणून मला इथे आणून ठेवलंय. उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येईल. त्याआधी माझी हकिकत तुम्हाला सांगून टाकते.

माझा जन्म एका प्रयोगशाळेत, मिणमिणत्या लाल दिव्याखाली झाला. एका मूळ फिल्मवरून आम्हा बहिणींच्या प्रती काढल्या गेल्या. रसायनांच्या टाक्यांत आम्ही डुबक्या मारल्या, वाळलो, रिळांवर चढलो आणि पत्र्याच्या गोल डब्यांत जाऊन बसलो. माझ्या अंगावर काळी-पांढरी चित्रं होती आणि काठावर आवाजाची एक बारीक रेघ. ही रेघ तेवढी लक्षात ठेवा. तिच्यातून दिव्याचा झोत गेला तरच माझं गाणं वाजायचं. एरवी ते मलासुद्धा ऐकू येत नसे. स्वतःच्या पोटातलं गाणं स्वतःला ठाऊक नसावं, हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण आमची जातच तशी.

माझी गोष्ट म्हणाल तर अगदी साधी. खालच्या मजल्यावर एक तापट शिंपी राहतो आणि वरच्या मजल्यावर क्लॅरोनेट शिकवणारा एक तरुण मास्तर. शिंप्याच्या मशीनच्या खडखडाटानं मास्तराचे शिष्य बेसूर होतात आणि मास्तराच्या वाजवण्यानं शिंप्याची कात्री वाकडी चालते. दोघं जिन्यात भेटले की भांडतात. मशीन मात्र चालवत असते शिंप्याची मुलगी. एक दिवस तिच्या मशीनचा ठेका आणि वरचं क्लॅरोनेट नकळत जुळतं आणि तिथे गाणं सुरू होतं, ‘तू खाली टाके घाल गं, मी वरती धरतो ताल गं.’ पहिलं कडवं मास्तर म्हणतो, दुसरं ती म्हणते. शेवटी दोघांचं लग्न ठरतं आणि शिंपी जावयाचा कोट रागारागानं शिवतो, तो दोन्ही बाह्यांना आखूड होतो. संपली गोष्ट.

शहाण्या लोकांनी मला नावं ठेवली. ‘डोकं घरी ठेवून बघावा असा सिनेमा’, असं कुणीतरी लिहिलं होतं. तेव्हा माझा असा काही संताप झाला होता की विचारू नका. अहो, डोकं घरी ठेवायला मिळतं कुणाला? माणसं आपापल्या काळज्या घेऊनच थिएटरात येत. मी त्या तेवढ्या वेळापुरत्या खाली ठेवायला लावत असे. आजोबा, सून, कडेवरचं मूल, घरी एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ, सगळे एका रांगेत बसत. कुणाला कुणाचे डोळे झाकावे लागत नसत, की विनोद समजावून सांगावा लागत नसे.

एकदा एक दातांचा डॉक्टर सहकुटुंब आला होता. दिवसभर लोकांची तोंडं उघडणारा हा गृहस्थ स्वतःचं तोंड हसायला कधी उघडत नसावा. कोटाच्या बाहीपाशी आल्यावर तो एकदम खो खो हसू लागला. त्याच्या मुलांनी पडद्याकडे पाठ केली आणि सिनेमा सोडून ती बापाचं हसणं बघत बसली. माझ्याकडे पाठ केल्याबद्दल मला आयुष्यात फक्त त्यांचाच राग आला नाही.

मला चालवणारा ऑपरेटर हा एक काटकुळा, कमी बोलणारा माणूस होता. त्याची बायको खाली तिकीटखिडकीवर बसायची. खेळ सुरू झाला, खिडकी बंद झाली की ती लेकीला कडेवर घेऊन वर केबिनमध्ये यायची. लेकीचं नाव काहीही असो, ऑपरेटर तिला ठिणगी म्हणायचा, कारण केबिनमधल्या दिव्याच्या ठिणग्यांना ती टाळ्या वाजवायची. हे सगळं कुटुंब माझ्या चौथ्या रिळाची वाट बघायचं. गाणं चौथ्या रिळाच्या शेवटी होतं.

गाणं लागलं की ऑपरेटर पडद्यावरच्या मास्तराबरोबर पहिलं कडवं म्हणायचा. आवाज फाटका, पण हौस दांडगी. दुसरं कडवं बायकोचं.

“अहो, आता माझी पाळी. तुम्ही मशीन बघा,” ती म्हणायची.

आणि त्याला खरोखरच मशीन बघावं लागायचं. थिएटरात सिनेमा दाखवायची दोन मशीनं असतात. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो आणि तेवढ्यात दुसरं मशीन सुरू झालं नाही तर पडदा पांढराफटक पडतो. चौथं रीळ संपायचं ते दुसऱ्या कडव्यानंतर लगेच. त्यामुळे बायको तिचं कडवं म्हणत असताना ऑपरेटर दुसऱ्या मशीनपाशी वाकून दिवा पेटवत असायचा, त्या मशीनची मोटर घरघरत असायची आणि त्याचं सगळं लक्ष त्या ठिपक्याकडे असायचं. ठिणगीला आईनं भिंतीतल्या लहानशा खिडकीशी उचलून धरलेलं असे आणि नेमक्या दुसऱ्या कडव्याला आई तिला गुदगुल्या करायची. तिचं हसू केबिनभर व्हायचं. मित्रांनो, तेव्हा आम्ही सगळीच सुखात होतो. काही निसटतंय हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

वर्षं गेली. माझ्या बहिणी एकेक करून झिजल्या. काहींना चांदीसाठी वितळवलं, कारण काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये थोडी चांदी असते. मला बनवणारी कंपनी बुडाली. मूळ फिल्मही तिच्याबरोबर कुठेतरी गेली. गाण्याची तबकडी कधी निघालीच नव्हती, कारण सिनेमा चालेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मग एक दिवस थिएटरही बंद पडलं. मालक म्हणाला, “हे डबे भंगारात टाका.” ऑपरेटरनं मला हातगाडीवर घालून घरी नेलं. तिकीटवाल्या बाई पुढे आणि आम्ही मागे, अशी आमची वरात निघाली.

घरात मशीन नव्हतं. तरी दोघांनी मला सांभाळलं. उन्हाळा सरला की ऑपरेटर डबे उघडायचा. प्रत्येक रीळ हातानं एका चाकावरून दुसऱ्यावर घ्यायचा, म्हणजे मला हवा लागावी. बायको मऊ फडक्यानं मला पुसायची. चौथं रीळ आलं की दोघं गायची. तो पहिलं कडवं म्हणायचा आणि दुसरं सुरू झालं की इतक्या वर्षांच्या सवयीनं उठून रिकामं चाक आणायला आतल्या खोलीत जायचा.

“आता कसली मशीनं पेटवताय? बसा की ऐकत!” ती आतल्या खोलीकडे बघून ओरडायची.

“तुझं तू म्हण गं. मला काय करायचंय पाठ करून?” तिथून उत्तर यायचं. ती रागावायची, हसायची आणि एकटीच कडवं पुरं करायची.

मग ती आजारी पडली आणि गेली.

त्यानंतर ऑपरेटरनं डबे उघडले नाहीत. उन्हाळा आला, सरला, पण कपाटाच्या दाराला त्याचा हात लागला नाही. मी आत वाट बघत राहिले. मला त्याचं दुःख कळत होतं, पण मला गुदमरायलाही होत होतं. घरातलं बोलणं हळूहळू कमी झालं. ठिणगी आता मोठी झाली होती, नोकरी करत होती. ती, तिचा नवरा आणि ऑपरेटर जेवायला एका टेबलाशी बसत आणि तिघं तीन दिशांना बघत. भांडण नव्हतं. एकत्र हसण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच.

एकदा घराची आवराआवर करताना ठिणगीनं मला पाहिलं. डब्यांवर धूळ साचली होती. तिचे डोळे भरून आले. आईबाबांची ही ठेव आपण जपली पाहिजे असं तिनं ठरवलं. तिनं प्रत्येक डब्याच्या झाकणाभोवती चिकटपट्टीचे वेढे दिले, वर प्लॅस्टिक गुंडाळलं, पुन्हा चिकटपट्टी लावली आणि सगळे डबे स्वयंपाकघराच्या माळ्यावर, जिथे ओल येत नाही अशा उबदार कोपऱ्यात नेऊन ठेवले. मुंगीलाही वाट ठेवली नाही पोरीनं. किती मायेनं केलं होतं तिनं ते!

मित्रांनो, फिल्मला धुळीपेक्षा कोंडमारा वाईट. माझ्या अंगातून एक आंबट वाफ सारखी सुटत असते. हवा मिळाली तर ती निघून जाते. कोंडली तर मलाच खाते आणि ऊब मिळाली की अधिकच जोरानं खाते. हे ऑपरेटरला ठाऊक होतं. पण त्याला माळ्यावरचं काही माहीत नव्हतं आणि ठिणगीला फिल्मचं काही माहीत नव्हतं. आईचा विषय निघेल म्हणून दोघंही माझं नाव काढत नव्हती. मी माळ्यावर आकसत गेले, वेटोळ्यांना वेटोळी चिकटत गेली. मी ओरडून सांगणार तरी कशी?

असाच काळ गेला. एका दुपारी ऑपरेटर खिडकीशी बसून गुणगुणू लागला. बऱ्याच काळानं त्या घरात गाणं ऐकू आलं. “तू खाली टाके घाल गं...” पहिलं कडवं संपलं आणि तो थांबला.

“ठिणगे, पुढे काय गं?”

“पुढे... मला नाही आठवत, बाबा. मला नुसत्या गुदगुल्या आठवतात.”

“मलाही नाही येत. मी मशीन पेटवत बसलो ना जन्मभर. तिचा चेहरा दिसतो मला. पण गाताना ऐकायला जातो ना, तर शब्दच नाहीत. नुसती तोंड हलवते.”

“बाबा, अहो, फिल्म आहे की आपल्याकडे!” ठिणगी ताडकन उठली. “मी किती नीट ठेवलीये!”

पुढचे काही दिवस त्या घराला जाग आली होती. ठिणगीनं एका मिस्त्रीकडून जुनं मशीन मिळवलं. जावयानं भिंत रिकामी करून पांढरी चादर ताणली. ऑपरेटरनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मशीनला तेल देता देता जावयाला शिंप्याची नि मास्तराची गोष्ट सांगितली. कोटाच्या बाहीपाशी दोघंही हसले. मी ते माळ्यावरून ऐकत होते. आता मी काय झाले आहे हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. ते हसणं ऐकून मला मरण बरं असं वाटलं.

सुट्टीच्या दुपारी पडदे ओढले गेले. ठिणगीनं चौथा डबा खाली आणला आणि चिकटपट्टी सोडवायला घेतली. ऑपरेटर ते वेढे बघत राहिला. त्याचा चेहरा तेव्हाच उतरला. झाकण निघालं आणि वास खोलीभर पसरला. जावई खोकत मागे सरला.

“हे कुणी गुंडाळलं?” ऑपरेटरनं हळूच विचारलं.

“मी, बाबा. धूळ बसू नये म्हणून.”

त्यानं माझं टोक धरून मला सोडवायचा प्रयत्न केला. वेटोळी एकमेकांना घट्ट धरून बसली होती. हातभर तुकडा सुटला, तोही लाटेसारखा वाकडा. त्यानं तो मशीनवर चढवला. मी आकसल्यामुळे माझी भोकं मशीनच्या दातांवर बसेनात. त्यानं दोनदा बसवून पाहिलं. मोटर सुरू केली आणि मी काडकन तुटले. चादरीवर नुसता पांढरा उजेड पडला.

“बाबा, मी... मला कुणी सांगितलंच नाही...” ठिणगी लहान मुलीसारखी रडू लागली.

“तुझं काही चुकलं नाही गं. मी सांगायला हवं होतं. डबा उघडला की तिचा आवाज येईल असं वाटायचं, म्हणून उघडत नव्हतो. आता उघडला तर...”

मग त्यानं तो तुटका तुकडा उचलला, खिडकीचा पडदा सारला आणि उजेडात धरला. बहुतेक चित्रं पुसली गेली होती. एका चौकटीत मात्र शिंप्याची मुलगी शाबूत होती. मशीनवर हात, मान वर आणि तोंड उघडं.

“ठिणगे, बघ. इथे ती दुसरं कडवं म्हणतेय.”

दोघांनी डोकी जवळ आणली. तिच्या ओठांकडे ती दोघं किती वेळ बघत होती. “‘त’ असेल का हो?” ठिणगीनं विचारलं. “की ‘स’?” ऑपरेटरनं ‘कळत नाही’ अशी मान हलवली. एका चित्रात एकच अक्षर असतं आणि तेही बोलत नाही. माझ्या काठावरची रेघ विरघळून गेली होती आणि तिच्याबरोबर माझी त्या कडव्याची आठवणही. ते शब्द आता त्याला येत नाहीत, तिला येत नाहीत आणि मित्रांनो, मलाही येत नाहीत.

म्हणून मी इथे गॅलरीत आहे. तो तुकडा ऑपरेटरनं खिशात ठेवला. त्यालाही वास येतोय, पण त्याला कुणी काही म्हणत नाही. मघाशी आतून त्याचा आवाज आला. त्यानं पहिलं कडवं म्हटलं आणि खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. सवयीनं उठला असेल. आत कुणी त्याच्यावर रागावलं नाही, कुणी हसलं नाही आणि थोड्या वेळानं दिवा बंद झाला.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी फिल्म तुमच्या घरी असेल, तर तिला वर्षातून एकदा तरी हवा दाखवा. जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. आणि तुमच्या घरात सगळे मिळून हसत म्हणतात असं एखादं गाणं असेल, तर आज जेवताना ते म्हणा. आपल्या वाटणीचं कडवं सगळ्यांना येतंच. आईच्या वाटणीचं तेवढं तिच्याकडून पाठ करून घ्या.