चेहरा न दाखवता

"पट्टी आत्ताच नको बांधूस," नलूताई म्हणाल्या. "प्रणयला एक फोटो काढू दे."

कल्पिताच्या हातातलं गॉज तसंच राहिलं. खाटेवर केसर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तळा तालुक्यातल्या गावातून, नवऱ्याच्या कोयत्याखालून निसटून ती रेवदंड्याच्या या आधारघरात आली होती. वार उजव्या खांद्यापासून तिरका उतरला होता आणि कमरेपाशी आकड्यासारखा आत वळला होता. कल्पिता इथली नर्स. रोज जखम धुताना त्या वळणापाशी तिचा हात आपोआप हलका व्हायचा.

"केसर, चालेल ना गं?" आधारघर चालवणाऱ्या नलूताईंनी विचारलं. "चेहरा येणार नाही. नावही बदलू. दिसल्याशिवाय लोक देत नाहीत, आणि तांदूळ किती उरलाय ते तूच बघतेस."

"तुमचंच खातंय मी," केसर भिंतीला म्हणाली. "न्हाय कशी म्हनू?"

"ताई, हिला नकोय," कल्पिता म्हणाली.

"नाही कुठे म्हणाली ती?"

देणगीचं काम बघणारा प्रणय मोबाईल सरसावून उभा होता. "पदर थोडा बाजूला, प्लीज. लाईट चांगला आहे."

पदर कल्पितानेच बाजूला केला.

देणग्या आल्या. टेम्पोतून तांदळाच्या गोण्या उतरल्या, आणि केसरच तो तांदूळ निवडत बसली.

फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरत केसरच्या गावात पोचला. तिच्या नवऱ्याला, धर्माला, त्यात बायकोचा चेहरा दिसला नाही, नावही परकं होतं. पण कमरेपाशी वळलेला तो आकडा बघून तो जागीच उभा राहिला. तो त्याच्याच हातचा होता. पैसे पाठवणाऱ्यांसाठी खाली आधारघराचा पत्ता दिलेला होता.

तो भरदुपारी आला. दोन लाथांत कडी उखडली.

"गावभर पाठ उघडी करून दाखवतीस व्हय गं?"

स्वयंपाकीण सखुबाई आडवी गेली. त्याने कोयत्याची मूठ तिच्या तोंडावर हाणली. ती दात थुंकत उंबऱ्यात बसली. केसरला त्याने केसांना धरून खाटेखालून ओढलं आणि तिचं डोकं फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं. ती ओरडत नव्हती. त्याने कोयता वर उचलला तेव्हा मध्ये काय घालावं हे कल्पिताला सुचलं नाही. तिने हात घातला.

पातं मनगटाच्या वर हाडात रुतलं. ते निघेना, तसा त्याने तिच्या छातीवर पाय रोवला आणि कोयता हिसकला. हाडाचा आवाज कल्पिताने स्वतःच्या कानांनी ऐकला. पुढचा वार झाला नाही. सखुबाईने चुलीवरचं आमटीचं पातेलं त्याच्या मानेवर उपडं केलं होतं. पोलीस येईपर्यंत तो अंगणात लोळत होता आणि शेजारची माणसं त्याला काठ्यांनी झोडत होती. कोणी अडवलं नाही.

अलिबागहून हाताला टाके घालून कल्पिता परत आली, तेव्हा तिची तीन बोटं मिटत नव्हती. ती पुन्हा मिटतील असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि तिनेही विचारलं नाही.

नलूताई तिच्या उशाशी बसून खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता पक्कं दार हवं गं. रखवालदार हवा. पुन्हा कोणी आलं तर?"

त्यांच्या मागे प्रणय अवघडून उभा होता. "कल्पिताताई, तुमच्या हाताचा एक घेऊ? या वेळी पत्ता नाही टाकणार. तुम्ही आपल्यातल्या, म्हणून विचारतोय."

नाही म्हणायला कल्पिताने तोंड उघडलं. दवाखान्याचा खर्च नलूताईंनीच भरला होता. हा हात घेऊन दुसरीकडे तिला कोण ठेवणार होतं? तिने तोंड मिटलं.

प्रणयने मोबाईल वर धरला.

केसर चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवला आणि ती खाटेच्या कडेला, कल्पिताच्या पुढ्यात बसली. डोक्यावरचा पदर काढून तिने सुजलेला चेहरा मोबाईलसमोर धरला.

"तिचा न्हाय. माजा काढ. तोंडाचा."

"अगं, तुझे दीर आहेत अजून गावात," नलूताई म्हणाल्या.

"ठाव हाय."

प्रणयचा हात हळूहळू खाली आला.

केसरने बशीत चहा ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी कल्पिताच्या ओठांशी धरली.