नंबर आलाच नाही

बनुबाई नगरच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढली तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आज बाकावर बसायचं नाही. बसलं की माणूस वाट बघतो, आणि वाट बघण्यातच तर तिच्या पोराचा घात झाला होता.

तिचा कानिफनाथ आठ वर्षांचा. त्याचा घसा सारखा सुजायचा, साधी पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर गाडेकरांनी श्रीगोंद्याच्या शाळेत पोरांचे घसे तपासले आणि टॉन्सिल वाढलेली पोरं नगरला बोलावली. शेजारच्या रोशनबीचा अलीम आणि कानिफ एकाच एसटीनं गेले. अलीमचं ऑपरेशन लगेच झालं. कानिफला मात्र गुळण्यांचं औषध देऊन परत पाठवलं. "गर्दी आहे बाई, नंबर आला की कळवू," असं डॉक्टरांनी स्वतः सांगितलं.

नंबर काही आला नाही. दिवाळीनंतर कानिफचा घसा पुन्हा धरला आणि आपोआप उतरलाही. बनुबाईला वाटलं, सुटलो. पण पुढं गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा. ताप हटेना. अंगणातून ओट्यापर्यंत आलं की पोरगं धापा टाकायचं. श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "घशातला रोग हृदयाच्या झडपेपर्यंत गेलाय. आजच्या आज नगरला न्या."

नगरला पोचताच कानिफला खाटेवर घेतलं. चादर बदलताना तिथली आया सहज बोलून गेली, "याची चिठ्ठी थांबायची निघाली होती ना? अर्ध्या पोरांची तशीच निघाली."

बनुबाईनं तिला नीट विचारून घेतलं. मग पदर खोचून ती थेट गाडेकरांच्या खोलीत गेली. तिचा नवरा सहादेव साखर कारखान्यातली पाळी बुडवून आला होता, तो मागं मागं.

"माझ्या पोराची चिठ्ठी काढली व्हय?"

गाडेकरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बसा, सांगतो."

"उभीच बरी हाय मी. सांगा."

"टॉन्सिल काढल्यानं खरंच गुण येतो, की मुलं वयानं आपोआप बरी होतात, हे कुणालाच पक्कं ठाऊक नाही. त्यावर आमचं संशोधन चाललंय. निम्म्या मुलांचे काढायचे, निम्म्यांना वर्षभर थांबवायचं. कुणाला थांबवायचं ते चिठ्ठीवर ठरतं. आम्ही मनानं निवडलं तर निकाल चुकीचा येईल."

"लागला की माझ्या पोराचा निकाल."

"अगं, डाक्टर हायेत ते," सहादेव पुटपुटला.

"तुमी गप ऱ्हावा."

"टॉन्सिल काढले असते तरी हे झालं नसतं असं नाही," गाडेकर म्हणाले. "अलीमचा घसा ऑपरेशननंतरही दुखलाय."

ते बनुबाईला ठाऊक होतं. रोशनबीनंच सांगितलं होतं. आणि म्हणूनच तिचा संताप जास्त भडकला. बोट रोखायला एक धड कारण हातात होतं, तेही या माणसानं काढून घेतलं होतं.

"झालं आसतं तर झालं आसतं. देवाला बोल लावला आसता. पन तुमी म्हनला नंबर यील. कुठं हुता नंबर?"

"खरं सांगितलं असतं तर कुणी थांबलं नसतं."

"म्हंजे आमी न्हाई म्हनू, हे तुमाला ठावं हुतं."

बाहेर कुणाचं तरी पोर घसा फाटेस्तोवर रडत होतं.

"काढा त्याचं नाव तुमच्या संशोधनातून. माझं पोर तुमच्या कामाचं न्हाई."

"काढतो. पण काढलं, तर थांबलेल्या मुलांपैकी कुणालाच काही झालं नाही, असं दिसेल. आमच्या वरिष्ठांना तर ते आवडेलच; थांबवण्यात धोका नाही, असं म्हणायला ते मोकळे होतील."

बनुबाई टेबलाची कड धरून उभी राहिली. या माणसाच्या कामाला हातभार लावायची तिची तिळभर इच्छा नव्हती. पण कानिफ आजारी पडलाच नाही असं कुणी म्हणावं, हे तिला त्याहून सहन होईना.

"मग ऱ्हाऊ द्या. पन आईला इच्यारलं न्हवतं, ह्ये बी ल्ह्या. खोटं सांगितलं, ह्ये ल्ह्या. आत्ता, माझ्याम्होरं."

गाडेकरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद ओढला, लिहिलं. बनुबाईनं तो सहादेवपुढं धरला. "वाचा मोठ्यानं."

सहादेवनं अडखळत वाचलं. 'खोटं' हा शब्द आल्यावर त्याचाही आवाज चढला.

कानिफ वाचला. झडप मात्र अधू राहिली. दर महिन्याला पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायचं, तेही कैक वर्षं. बनुबाई ते श्रीगोंद्यात घेऊ लागली, नगरला पुन्हा गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गाडेकर परत शाळेत आले. या खेपेला त्यांनी आईबापांना पटांगणात बसवून चिठ्ठीची गोष्ट आधी सांगितली. गलका झाला. कुणी शिव्या घातल्या, कुणी पोरांचे हात धरून चालते झाले. थोडे मागं थांबले. त्यातली गोजरबाई नातीला घेऊन कुंपणाशी उभ्या बनुबाईकडं आली.

"काय करू गं? ठिवू का हिला यात?"

"मला नगं इच्यारू," बनुबाई गाडेकरांकडं बघत म्हणाली. "त्यास्नी इच्यार. लई इच्यार. उत्तर दिल्याबिगर जाऊ दिऊ नगं."

गाडेकरांनी तिला नमस्कार केला. तिनं तो घेतला नाही.