आफ्रिकेहून आलापल्लीला बाण

आमच्या शाळेच्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गुणवंतराव लाभले, हे आलापल्लीचं भाग्यच. गोंडी आणि आफ्रिकेतली स्वाहिली या सख्ख्या बहिणी, हा शोध त्यांनी एका दुपारी लावला होता; तोही बसस्टँडवरच्या चहाटपरीतून न उठता. तिथे लालसू नावाचा गोंड भेटला. शहरी पाहुण्याला समजावं म्हणून तो बिचारा हिंदीत बोलला : किताब, दुनिया, कलम. स्वाहिलीत किताबू, दुनिया, कलामू. झालं! हे शब्द मुळात अरबी, दोन्हीकडे उसने आलेले, असल्या क्षुल्लक गोष्टींत मोठी माणसं पडत नाहीत.

कय्यूम शिंप्याची आफ्रीन आठवीत आहे, माझ्याकडे शिकायला येते. तिने महिनाभर घरोघर फिरून तक्ता केला होता. डोळा : गोंडीत कन, तेलुगूत कन्नु, स्वाहिलीत जिचो. हात : कै, चेय्यि, म्कोनो. म्हणून गोंडी-तेलुगू एका घरात, स्वाहिली दूर. पहिल्या नंबराला नागपूरला नेणार होते, आणि पोरीने चंद्रपूरच्या पुढे काही पाहिलेलं नव्हतं.

गुणवंतराव जेवणाचं ताट हातात घेऊनच तक्ते तपासत होते. वेळ वाचतो.

"बेटा, आफ्रिकेहून आलापल्लीला एक बाण काढ. पहिला नंबर तुझाच."

"काऊन काढू, सर?"

"इतके शब्द जुळतात ना!"

आफ्रीनने त्यांच्या ताटाकडे पाहिलं.

"सर, तुमच्या ताटावर माझ्या अब्बांचं नाव कोरलं आहे. शाळेनं आमच्या घरून मागून आणलं ते. मग तुम्ही माझे चाचा झाले काय?"

गुणवंतरावांनी नाव वाचायला ताट तिरपं केलं. वरण बाहीत गेलं.

"भांडे मागून आणता येते, सर. हात-डोळे कोण मागून आणते?"

मी त्या वेळी छताचे पत्रे मोजत होतो. हसणं शिक्षकाला शोभत नाही.

पहिला नंबर प्रणितला मिळाला. त्याचा तक्ता मातीच्या प्रकारांवर होता, पण सांगताक्षणी त्याने आफ्रिकेहून बाण काढून दिला. आफ्रीनला उत्तेजनार्थ, सुवाच्य अक्षरासाठी.

घरी जाताना ती रडली.

"एक बाण काढला असतास तर नागपूर पाहिलं असतंस," मी खडा टाकून पाहिला.

"आन् तिथी कोणी विचारलं असतं, हा बाण कायचा, तं?" तिने ओढणीने नाक पुसलं. "अजून दात आन् जीभ राह्यले, सर. भाजीवाल्या रुखमाबाई गोंडी बोलतात. उद्या बाजारात येता का?"